वाचकांचे प्रश्न : रिओहाची जुनी लाल वाइन

प्रश्न : मुलाने स्पेनहून 'विन्या तोंदोनिया रेसेर्वा'ची एक बाटली आणली. लेबलवरचं साल बारा वर्षांपूर्वीचं आहे. ग्लासात ओतली तर रंग विटकरी, वास चामड्यासारखा आणि शेवटी गाळ आला. वाइन उतरली आहे का?
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : नाही, ही वाइन अशीच असते. रिओहा प्रांतातल्या आरो गावी लोपेझ दे एरेदिया घराणं 1877 पासून वाइन करतं, ही त्यांचीच. मुख्य द्राक्ष तेंप्रानीयो. सोबत गार्नाचा आणि थोडे ग्रासियानो व मासुएलो. 'रेसेर्वा'साठी तिथला नियम एकूण तीन वर्षं मुरवण्याचा आहे. त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात आणि सहा महिने बाटलीत जायला हवं. हे घराणं मात्र तिला सुमारे सहा वर्षं पिंपातच ठेवतं. पिंपं अमेरिकन ओकची, 225 लिटरच्या आसपासची आणि त्यांच्याच कारखान्यात बांधलेली. बरीचशी जुनी असतात, म्हणून नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास वाइनवर चढून बसत नाही. वर्षातून दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात आणि गाळ मागे राहू देतात. या काढण्या-भरण्यात आणि लाकडातून तिला थोडी थोडी हवा लागते. त्या हवेने द्राक्षाचं रंगद्रव्य टॅनिन या तुरट द्रव्याशी जोडलं जातं, जांभळेपणा जाऊन विटकरी छटा येते आणि जड झालेला भाग तळाशी बसतो. बाटलीत भरताना गाळत नाहीत, त्यामुळे तुमच्या ग्लासात आला तो गाळ निरुपद्रवी आहे. फक्त कडवट लागतो.

खरी बिघडलेली वाइन नाकाला कळते. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर ती आंबली. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर दोष बुचाचा, आणि त्यावर उपाय नाही.

पुढची बाटली उघडण्याआधी एक दिवस उभी ठेवा. जुनं बूच ठिसूळ असतं, म्हणून लांब मळसूत्राचा कॉर्कस्क्रू सरळ मध्यभागी फिरवा आणि हिसका न देता सावकाश ओढा. बूच तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकलून वाइन स्वच्छ मलमलीतून गाळा. मलमल आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या. साबणाचा वास वाइनमध्ये लगेच उतरतो. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा आणि गाळाची रेघ मानेशी आली की थांबा. दोन बोटं वाइन वाया गेली तरी चालेल. तासन् तास उघडी मात्र ठेवू नका. इतक्या वयाच्या वाइनला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पुढे वास उडू लागतो.

प्रश्न : 'विन्या तोंदोनिया' आणखी दहा वर्षं ठेवली तर चव वाढेल का? सध्या बाटली दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी आहे.
— एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी तिला शोकेसमधून हलवा. मुरवण्याचं काम आरोच्या थंड, दमट तळघरात झालेलं आहे. इंदूरच्या मे महिन्यात ते पुढे नेता येत नाही. वाइनला 12 ते 15 अंश लागतात आणि आपल्याकडे बाहेर चाळिशी ओलांडते. गच्चीखालचा माळा तर सर्वांत वाईट. उष्णतेने वाइन फुगते, बुचाला वर रेटते, आवरणाखाली चिकट ओघळ दिसतो आणि चव शिजवलेल्या फळासारखी होते. वाइनसाठीचं वेगळं कपाट घरात नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. दारात नको, तिथे हादरे बसतात. असे काही महिने निभतील, त्याआत उघडलेली बरी. पिण्याआधी साधारण तासभर, उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ, बाहेर काढून ठेवा. ओतताना 15-16 अंश असली तर ग्लासात ती आपोआप वर येते. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड घरांसाठी होता, कूलर लावलेल्या खोलीसाठी नव्हे.

प्रश्न : आम्ही अंडं खात नाही. या वाइनमध्ये अंडं असतं म्हणे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरायची जुनी रीत या घराण्यात आजही आहे. एका पिंपाला मोजकीच अंडी लागतात. पांढरा भाग फेटून सोडला की तो तुरट टॅनिनला धरून तळाशी बसतो आणि वरची वाइन काढून घेतात. म्हणजे अंडं वापरलं जातं, पण बाटलीत राहिलं तरी अत्यल्प. युरोपात 2012 पासून, अंश तपासणीत सापडला तरच लेबलवर उल्लेख सक्तीचा आहे. त्यामुळे लेबल कोरं म्हणून अंडं वापरलं नाही असं धरू नका. नेम कडक असेल तर ही वाइन तुमच्यासाठी नाही; 'व्हीगन' असं स्पष्ट छापलेली दुसरी घ्या.

प्रश्न : सोबत काय खावं?
— एक वाचक, पलासिया, इंदूर

उत्तर : तिकडे कोकराचं भाजलेलं मांस खातात. आपल्याकडे कमी तिखटाचं सुकं मटण, लोण्यात परतलेले मशरूम किंवा तूप मुरलेले दाल-बाफले चालतील. तुपाने तुरटपणा सौम्य होतो. तिखटाने मात्र अल्कोहोल झोंबतं. तळलेल्या गराडू कंदावर जिरावन मसाला आणि लिंबू पडलं की या वाइनचं काही चालत नाही, आणि सराफ्यातल्या जिलेबीपुढे ती नुसती आंबट लागते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.