जहाज चुकलं, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: आम्ही पती-पत्नी, दोघंही निवृत्त शिक्षक. गेल्या सप्टेंबरात नाशिकच्या एका टूर एजन्सीमार्फत बार्सेलोनाहून सुटणाऱ्या क्रूझवर गेलो होतो. जहाजाची रोमची सहल महाग होती. एजन्सीच्या मालकांनीच व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'आमची गाडी घ्या, निम्म्यात होईल. वेळेत परत आणायची जबाबदारी आमची.' पैसे त्यांच्याच खात्यात भरले. परतताना ड्रायव्हर व्हॅटिकनजवळ दुसऱ्या एका कुटुंबासाठी पाऊण तास थांबला. चिविताव्हेक्किया बंदरावर पोचलो तर जहाज सुटलेलं. रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी ट्रेनने नेपल्सला जाऊन जहाज गाठलं. साठ-पासष्ट हजार रुपये गेले. एजन्सी म्हणते, स्वतंत्र सहल तुमच्या जोखमीवर. मुलगा म्हणतो, सोडून द्या. जहाज कंपनीवर केस करता येईल का?

उत्तर: त्या रात्री परक्या गावात तुमची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करू शकतो. सोडून देऊ नका. मात्र जहाज कंपनीच्या मागे लागू नका, तिथे हाती काही लागणार नाही.

क्रूझच्या तिकिटाच्या अटींमध्ये हे कलम हमखास असतं: ठरलेल्या वेळेआधी जहाजावर परतणं ही प्रवाशाची जबाबदारी, आणि बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी जहाज थांबणार नाही. कंपनीची स्वतःची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं किंवा कंपनी पुढच्या बंदरावर स्वखर्चाने पोचवते. तिच्या सहलीची जी जास्त किंमत असते, त्यात ही हमीही धरलेली असते. रोम बंदरापासून सत्तरएक किलोमीटर आत आहे, त्यामुळे तिथे ही हमी फार मोलाची. जहाजाने तुमच्या बाबतीत करार मोडलेला नाही. उलट तुमचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून बंदरावरच्या त्यांच्या एजंटाकडे ठेवले होते, असं तुम्ही सोबतच्या कागदांत लिहिलंय. तसं केलं नसतं तर रात्री हॉटेलात खोली मिळणंही अवघड होतं, कारण इटलीत हॉटेलांना प्रत्येक पाहुण्याची ओळख पोलिसांना कळवावी लागते.

आता एजन्सी. 'स्वतंत्र सहल' हे शब्द जहाजाच्या दृष्टीने खरे आहेत, एजन्सीच्या दृष्टीने नाहीत. सहल सुचवली त्यांनी, पैसे घेतले त्यांनी, परतीची हमी दिली त्यांनी. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर फक्त एजन्सीचं नाव आहे. गाडी कोणत्या कंपनीची, ड्रायव्हर कोणाचा, याचा उल्लेख कुठेच नाही. ही पावती जपून ठेवा. 'आम्ही नुसते मध्यस्थ, गाडीवाला वेगळा' असं ते म्हणणारच. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 230 नुसार, एजंटाने आपण कोणासाठी काम करतो त्याचं नाव उघड केलं नसेल, तर तो स्वतः करारास बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. ते गृहीतक खोटं पाडण्याचं काम त्यांचं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ही सेवेतील त्रुटी ठरते. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी नाशिकलाच. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची, पण तेवढं थांबू नका. आधी नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. बरेचदा नोटिशीनेच चर्चेचं दार उघडतं.

तुमची सगळी केस त्या एका व्हॉट्सॲप मेसेजवर उभी आहे. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या दिवशी ड्रायव्हरशी किंवा एजन्सीशी झालेल्या कॉलच्या नोंदीही काढून ठेवा, त्यांतल्या वेळा फार कामाच्या आहेत.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच लिहिली आहे: तुम्ही दोघंही गाडीपाशी दहा मिनिटं उशिरा पोचलात. ती लपवू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा. समोरच्याने उलटतपासणीत बाहेर काढलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका घेतली जाईल. दहा मिनिटं तुमची, पाऊण तास त्यांचा, आणि दुसरं कुटुंबही त्यांनीच गाडीत घेतलेलं. आयोगाला हा हिशेब स्पष्ट दिसेल.

मागणी मोजकी ठेवा. हॉटेल, टॅक्सी, रेल्वेचं तिकीट आणि त्या गाडीचं भाडं, यांच्या पावत्यांसह रक्कम, मानसिक त्रासाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च. क्रूझचं पूर्ण भाडं मागू नका. उरलेला प्रवास तुम्ही केला आहे आणि अवाजवी आकड्याने खरी मागणीही डळमळते.

विम्याचं तुम्ही विचारलं नाही, पण पॉलिसी काढून बघा. 'मिस्ड डिपार्चर' किंवा 'मिस्ड कनेक्शन' नावाचं कलम असेल तर त्यातली कारणं वाचा. बहुधा सार्वजनिक वाहतुकीचा बिघाड किंवा अपघात अशीच कारणं असतात, खासगी गाडीचा उशीर त्यात बसेलच असं नाही. तरीही लेखी दावा करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, नकारानंतर वर्षाच्या आत. लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे आणि मुंबईतही. तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं.