परदेशातल्या लहान कॉलेजला अर्ज करतेयस ना?

अगं, आधी पैशाचं बघ, निबंध नंतर. अमेरिकेतली अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना ऐपत बघत नाहीत. बऱ्याच ठिकाणी मात्र पैशाची मदत मागितली की निवडीवर परिणाम होतो. मदतीसाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, भरावं लागतं, तर बाबांची आयकराची कागदपत्रं आत्ताच काढून ठेव. माझ्या वेळी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानाच्या हिशेबाच्या वह्या गुजरातीत. त्यांचं इंग्रजी करताकरता डिसेंबर संपला, जानेवारीची मुदत अगदी अंगावर आली. शिफारसपत्र तुला खरंच ओळखणाऱ्या बाईंकडूनच घे. निबंधात नवरात्रातला गरबा वडोदऱ्यातले सगळेच लिहितात. तू आजीबरोबर भजनात टाळ धरतेस, ते लिही. मसुदा मला पाठव, रात्री वाचते.