निवृत्त वैमानिक असलेल्या वडिलांची आठवण कशी लिहून ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की वडील विमान कंपनीतले निवृत्त वैमानिक होते, गेल्या महिन्यात सोलापुरात वारले, आणि वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. हाताशी लॉगबुकं (त्यांच्या उड्डाणांच्या नोंदवह्या), टोपी आणि थोडे फोटो आहेत. सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

सुरुवात फोनपासून करा. लॉगबुकं कपाटात आहेत, ती राहतील. वडील ऐंशीच्या घरात होते म्हणता, म्हणजे त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेले को-पायलट आज पासष्ट ते ऐंशीच्या मधले आहेत. त्यांना याच आठवड्यात गाठा.

मी मुंबईला इंडियन एअरलाइन्सच्या क्रू शेड्युलिंगमध्ये नोकरी केली. कोणत्या विमानावर कोण कॅप्टन, कोण को-पायलट, कुणाची ड्यूटी कधी संपते, हे सगळं बघून रोस्टर लावणारं ते खातं. निवृत्तीनंतर माहेरी सोलापूरला परत आले. जुन्यांपैकी कुणी वैमानिक गेला की त्याच्यावर पान-दोन पानं लिहून बाकीच्यांना पाठवायचं, हे काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी ते मनापासून करते.

पेपरातली निधनवार्ता तुम्ही दिलीच असेल. 'निवृत्त वैमानिक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे.' त्यातलं 'निवृत्त वैमानिक' काढून 'निवृत्त शिक्षक' घातलं तरी बाकी मजकूर तोच. सोलापूरला माणसं लक्षात ठेवता येत नाहीत असं अजिबात नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात आहेत, डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय. वैमानिकांचं म्हणाल तर ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं विमान कोझिकोडच्या धावपट्टीवरून घसरलं, त्यात कॅप्टन दीपक साठे गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. तसंच व्हायला हवं होतं. पण ज्याच्या विमानातून लाखो माणसं सुखरूप उतरून आपापल्या घरी गेली, ज्याचं नावसुद्धा त्यांनी कधी विचारलं नाही, आणि जो म्हातारपणी आपल्या पलंगावर वारला, त्याच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. मला हे फार लागतं. त्याने तीस-पस्तीस वर्षं अपघात होऊ दिला नाही, म्हणून त्याची बातमी नाही.

म्हणून पुस्तिकेची पहिली ओळ एकूण तासांची नको. ती पिढी निवृत्त होईपर्यंत पंधरा-वीस हजार तास होऊन जायचे. वीस हजार तास म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ माणूस जमिनीवरच नव्हता. आकडा मोठा आहे, पण त्याच्या बरोबरीच्या शंभर जणांचा आकडा तसाच असतो. तो शेवटच्या पानावर टाका.

आता लॉगबुक. त्यात तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटी अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी, कॅप्टन कोण, को-पायलट कोण, कुठून कुठे, दिवसाचे तास, रात्रीचे तास असे रकाने असतात. हवा कशी होती, आत किती माणसं होती, कुणाला काय झालं, यातलं काहीच नसतं. त्यामुळे एखादा विचित्र दिसणारा मार्ग आला की तिथे थांबायचं.

एक उदाहरण सांगते. मूळचे बार्शीचे एक कॅप्टन होते. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला विचारलं, 'एका जुलैत बाबा हैदराबादहून अहमदाबादला गेलेत आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादहून मुंबईला. असं विमान होतं का?' नव्हतं. ते मुंबईचंच विमान. त्या रात्री सांताक्रूझला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, पाऊस असा होता की दिवेसुद्धा दिसेनात. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊन धावपट्टी दिसली नाही तर उतरायचं नाही, विमान परत वर न्यायचं, असा नियम आहे. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोनदा वर नेलं. त्यांचे त्या दिवसाचे को-पायलट आता पुण्यात असतात, त्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, 'मला वाटलं तिसऱ्यांदा जमेल. मी तसं बोललोही. सरांनी इंधन बघितलं आणि म्हणाले, अहमदाबाद मागा.' अहमदाबादला प्रवासी भयंकर चिडले. एका बाईंची आई मुंबईत दवाखान्यात होती. त्या रडायला लागल्या. कॅप्टन शिडीपाशी उभे राहिले आणि प्रत्येकाचं ऐकून घेतलं, कुणाला उलट शब्द नाही. मला ती रात्र आठवते ती वेगळ्या कारणाने: त्यांची ड्यूटी संपली होती, सकाळच्या त्यांच्या विमानावर कुणाला घालायचं म्हणून मी पहाटेपर्यंत फोन फिरवत होते. त्यांना मिळालेलं कौतुक शून्य. लॉगबुकात दोन ओळी. मुलीने पुस्तिकेत या दोन ओळींवर चार पानं लिहिली आणि तीच सगळ्यांत चांगली उतरली आहेत.

तुमच्या वडिलांच्या वह्यांत अशा जागा नक्की सापडतील. मुंबईहून निघून मुंबईलाच परत आलेली नोंद एक तर प्रशिक्षणाची असते, नाही तर काहीतरी बिघडून परत आल्याची. कोणती ते शेजारी बसलेला माणूसच सांगू शकतो. सुरुवातीच्या वह्यांत मध्यरात्रीचं नागपूर वारंवार आलं तर ती टपालाची उड्डाणं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली टपालाची विमानं रात्री नागपूरला एकत्र यायची, पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देश झोपलेला असताना हे चालायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं, म्हणजे वडिलांच्या उमेदवारीचे दिवस त्यात सापडू शकतात.

विमानांचे प्रकार बदलत जातात त्या जागांवर खूण करा. डाकोटात केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे ढगांच्या वर निघून जाता येत नसे. उन्हाळ्यात दुपारी हादरे खातच जायचं. मग फ्रेंडशिप, आणि आपल्याच कानपूरच्या कारखान्यात तयार झालेली अॅव्हरो. १९६४ मध्ये कॅराव्हेल आलं, इंडियन एअरलाइन्सचं पहिलं जेट. पुढे बोइंग ७३७, १९७६ मध्ये एअरबस ए-३००. प्रत्येक बदल म्हणजे पुन्हा वर्गात बसणं, पुन्हा परीक्षा, पुन्हा कुणीतरी मागे बसून तपासणं. सगळ्यांत अवघड गेलं ते १९८९ चं ए-३२०. आयुष्यभर दोन्ही हातांत कंट्रोल कॉलम धरलेल्या पन्नाशीतल्या माणसांना बाजूची साइडस्टिक आणि संगणक शिकावा लागला. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला त्यातलं एक विमान पडलं आणि नंतर काही महिने त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर उभी होती. वडील त्या विमानावर असतील तर वहीत तिथे मोठी पोकळी दिसेल. ती पोकळी नुसती सुट्टी समजू नका. त्या काळात आमच्या ऑफिसात येऊन ही माणसं गप्प बसून राहायची. गेलेले त्यांचे सोबती होते.

एअर इंडियाचे वैमानिक असतील तर त्याच वर्षीचा ऑगस्ट ते ऑक्टोबर बघा. अम्मान हे नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर ती इराकच्या हल्ल्यानंतर कुवेतमध्ये अडकलेली आपली माणसं आणणारी उड्डाणं. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या आणि १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीय परत आले. प्रत्येक फेरीमागे कॉकपिटमध्ये कुणीतरी होतंच ना. आपल्या वडिलांची त्यातली एक फेरी असली तरी ती तारखेसकट लिहा.

को-पायलटना फोन कराल तेव्हा 'बाबा कसे होते?' असं विचारू नका. उत्तर येईल, 'फार मोठा माणूस', आणि विषय संपेल. विचारा, ते तुम्हाला लँडिंग करू द्यायचे का? सगळे कॅप्टन देत नसत. काही जण चांगल्या हवेतसुद्धा हात काढत नसत, आणि काही जण नवख्या पोराला मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी द्यायचे, स्वतःचे हात मांडीवर तयार ठेवून. या एका प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो. विचारा, चूक झाली तर लगेच बोलायचे की खाली उतरल्यावर एकट्याला गाठून? मुक्कामाच्या गावी संध्याकाळी काय करायचे? कॅप्टन आणि को-पायलटला वेगवेगळं जेवण द्यायची पद्धत आहे, अन्नातून बाधा झाली तर दोघे एकदम आडवे होऊ नयेत म्हणून. तर मग चांगलं ताट कोण घ्यायचं? वैमानिकांवर थांबू नका. केबिन क्रू, विमान तपासून सही करणारे इंजिनिअर, आणि पहाटे न्यायला येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला जे माहीत असतं ते कुणालाच नसतं.

आणि आई. तुम्ही आईंचा उल्लेख एका शब्दाने केलाय, पण अर्धी पुस्तिका त्यांच्याकडे आहे. रात्री तीनला फोन वाजला की आधी कोण उठायचं? रात्रभर उडून आलेला माणूस दुपारी झोपला की पडदे ओढून, कुकरची शिट्टी होऊ न देता, पोरांना बाहेर पिटाळून घर कसं चालायचं? दिवाळी पाडव्याला नाही तर रोस्टर देईल त्या दिवशी व्हायची. दर सहा महिन्यांच्या मेडिकलच्या आधी घरात काय वातावरण असायचं ते विचारा. रक्तदाबाचा एक आकडा वर गेला की लायसन थांबायचं, आणि ही भीती नवरे ऑफिसात बोलत नसत, घरी बोलत असतील. मग ५८ व्या वर्षी नोकरी संपायची. आमच्या वेळी तेच वय होतं. आता नियमाने ६५ पर्यंत उडता येतं. १९९४ नंतर खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली तेव्हा काही जण तिकडे गेले, बाकीचे गावी परतले. पहिल्या सहा महिन्यांत ते घरात काय करायचे, हे आईंनाच ठाऊक.

सोलापूरचा भागही सोडू नका. आपल्याकडे होटगी रोडला धावपट्टी होती, पण नियमित विमान असं टिकलंच नाही. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, आणि २०२५ मध्ये गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. तोपर्यंत सोलापूरचा वैमानिक सगळा देश उडून घरी यायचा तो सिद्धेश्वर एक्स्प्रेसने, रात्रभर बर्थवर. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत रजा मिळावी म्हणून नोव्हेंबरपासून माझ्यामागे लागणारे होते. आणि बार्शीचे ते कॅप्टन हैदराबादला जाताना हवा स्वच्छ असली की को-पायलटला उजवीकडे उजनीचं पाणी दाखवायचे. त्यांचं गाव त्या मार्गाच्या जवळजवळ खालीच येतं. धरण यंदा किती भरलंय हे ते पेपरच्या आधी सांगायचे! वडिलांनाही असा काही नाद असेल, आईंना विचारा.

फोटोंचं थोडक्यात: मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहा, आईंना विचारून, आजच. विमानाची नोंदणी दिसत असेल तर ती लॉगबुकाशी जुळवली की तारीख बऱ्याचदा सापडते. लॉगबुकं स्कॅन करा, लॅमिनेट मात्र करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. टोपी कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

वडील कोणत्या कंपनीत होते, बेस कोणता होता, म्हणजे कोणत्या शहरातून उडायचे, आणि को-पायलट म्हणून कोणती नावं जास्त वेळा येतात, एवढं मला खाजगीत कळवा. त्यातले काही जण माझ्या ओळखीचे निघतील, नंबर विचारून देते. आणि तुम्ही गावातच आहात, तर आईंना घेऊन घरी या. पहिल्या दिवशी सगळी लॉगबुकं नकोत, सगळ्यांत जुनी तेवढी आणा.