न घेतलेलं बीपी, परवाची चौकशी आणि माफीपत्र

तुझी पोस्ट काल ड्यूटीला निघताना वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. तू नर्सिंगची विद्यार्थिनी, मेल सर्जिकल वॉर्डला नाइट, रात्री दोनचं बीपी तीन पेशंटचं घेतलंच नाहीस, चार्टवर मात्र १२०/८०, १२०/८०, ११०/७० लिहून टाकलंस. सकाळी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमनी त्यातल्या एकाचं स्वतः घेतलं, तर १६८/१००. परवा प्राचार्यांपुढे उभं राहायचंय आणि मैत्रिणी म्हणतायत, "मशीन बिघडलं होतं असं सांग, कोण तपासणार?" तसं सांगितलं तर चालेल का, हा तुझा प्रश्न.

नाही चालणार. अगं, सांगू नकोस तसं. तुला 'अगं' म्हणते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

बीपी कसं घ्यायचं, खोटं का लिहू नये, हे तुला माहीत आहे, त्यात जात नाही. माझ्या हातून जे झालं ते सांगते. चूक तुझ्यासारखीच होती, पण मला महाग पडलं ते चुकीनंतर मी जे केलं ते.

२००३ साल, जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, दुसरं वर्ष. मेल मेडिसिन, चाळीसच्या आसपास पेशंट, एक सिस्टर आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी. सकाळी सहाचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणं, चालू असताना कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा गाढ झोपले होते. हार्ट फेल्युअरचे, डिगॉक्सिन चालू, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी. आदल्या रात्रीची पल्स ७८ होती. त्यांना उठवलं नाही, तीच ७८ पुन्हा लिहिली. श्वास २०, तो तर आम्ही सगळ्यांचाच २० लिहायचो.

साडेआठला मॉर्निंगच्या सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन निघाल्या. त्यांचा नियम होता, डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे, मग चार्टवर काहीही लिहिलेलं असो. भरले ४८. साठच्या खाली गेले की मोठ्या माणसाला ती गोळी थांबवतात आणि डॉक्टरांना कळवतात, तसं त्यांनी केलं. आजोबा वाचले ते त्या बाईंच्या शिस्तीमुळे. माझ्या ७८ वर विश्वास ठेवून त्यांनी गोळी दिली असती तर? दिवा हातात धरून घेतलेल्या शपथेत आपण म्हणतो की जाणूनबुजून अपायकारक औषध देणार नाही. मी स्वतः दिलं नसतं, पण दुसरीच्या हातून, तिला न कळता, द्यायला लावलं असतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून विसरता आलेलं नाही.

आता ती चूक, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. सिस्टर फोन करायला गेल्या आणि मी चार्ट ओढून घेतला. ब्लेडने ७ खरडला आणि त्याचा ५ केला. म्हणजे पल्स ५८, उतरत चाललीच होती असं दिसावं. दोन मिनिटांचं काम. कागद तिथे पातळ झाला, शाई पसरली. राउंडला डॉक्टरांनी चार्ट उजेडाकडे धरला आणि काही न बोलता सिस्टरांकडे दिला. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पल्स घेतली नाही एवढंच बोलली असतीस तर मी इथल्या इथे रागावून सोडून दिलं असतं. आता हे माझ्या हातात राहिलं नाही."

खरंच राहिलं नाही. न घेतलेली पल्स हा हलगर्जीपणा होता, खरडलेला चार्ट म्हणजे नोंदीत फेरफार. प्रकरण वॉर्डातून कॉलेजात गेलं, चौकशी बसली, वॉर्डाचं पोस्टिंग पुन्हा करावं लागलं आणि परीक्षा एका बॅचने मागे पडली. तुझं 'मशीन बिघडलं होतं' हे माझं ब्लेडच आहे. वॉर्डात मशीन बिघडलं तर कुणीतरी ते कळवलेलं असतं, त्याच रात्री बाकीच्या पेशंटचं त्याच मशीनने घेतलेलं असतं. मॅडम पाच मिनिटांत शोधतील आणि मग तुझ्यावर दोन गोष्टी लागतील.

दुसरी गोष्ट माफीपत्राची, हीही नीट वाच. चौकशीनंतर कार्यालयातल्या लिपिकाने टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं, "इथे सही कर, घरी जा." मी रडत होते, वाचलंच नाही. त्यात लिहिलं होतं, 'मी रुग्णांच्या नोंदींमध्ये वारंवार फेरफार केले.' वारंवार! एकदा केलेल्या गोष्टीला हा एक शब्द लागला आणि खाली माझी सही. प्रतही मागितली नाही. २०१२ मध्ये आखातात नोकरी ठरली. तिथल्या नोंदणीसाठी डेटाफ्लो होतं, म्हणजे ते लोक तुझी कागदपत्रं थेट कॉलेजकडून पडताळून घेतात. तेव्हा ती फाइल उघडली आणि पडताळणी अडकली. मी म्हटलं, मूळ चौकशीचा अहवाल बघा, त्यात एकदाच असं आहे. तर साहेब रजेवर, मग फाइल रेकॉर्ड रूमला, मग 'पुढच्या सोमवारी या'. अकरा खेपा घातल्या, दर खेपेला एसटीचे चार तास. एका माणसानेही ती फाइल माझ्यासमोर उघडून वाचली नाही. ऑफरची मुदत संपली, ती जागा गेली. माझी चूक मी कधीच नाकारली नाही, पण जी केली नाही ती माझ्या नावावर राहिली याचा राग अजून जात नाही.

म्हणून तुझ्यासाठी. परवाची वाट बघू नकोस, उद्याच मॅडमकडे स्वतः जा. आधी त्या १६८/१०० वाल्या काकांचं काय झालं, औषध सुरू केलं का, हे विचार आणि बाकी दोघांचंही बीपी बघितलं गेलंय ना याची खात्री कर. मग सांग: कोणत्या तीन खाटा, किती वाजता, घेतलं नाही, मनाने लिहिलं. कारण विचारलं तर कारण सांग, पण कारणापासून सुरुवात करू नकोस. लेखी मागितलं तर आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिही, तारीख घाल, झालं तेवढंच लिही. कोणी टाइप करून दिलं तर ओळ न् ओळ वाच, खटकलेला शब्द बदलून माग, नाही बदलला तर 'घरच्यांना दाखवून उद्या सही करते' म्हण. प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नकोस. कॉलेज सरकारी असेल तर पुढे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मला २०१२ मध्ये हे कोणी सुचवलं नाही. मी वकील नाही, प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे असतात, तेव्हा आई-वडिलांना आजच सांग आणि त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत ने.

आणि चार्टला आता हात लावायचा नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायची तर मॅडमसमोर, एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर तर अजिबात नाही.

माझं एक ठाम मत आहे, पटत नसेल तर सोडून दे. आपल्याकडे रिकाम्या रकान्याला ओरडा बसतो आणि खोटा रकाना खपून जातो. चाळीस पेशंट दोन पोरींवर टाकायचे आणि सकाळी चार्ट भरलेला हवा म्हणायचं, मग पोरी भरतातच. यात वरच्यांचाही दोष आहे आणि तो कोणीतरी बोलायला हवा. पण रिकामा रकाना दिसला तर पुढची सिस्टर पेशंटकडे जाते. १२०/८० दिसलं तर ती जात नाही. पुढच्या वेळी नाही जमलं तर 'घेता आले नाही' लिही, हँडओव्हरमध्ये तोंडी सांग आणि ओरडा खा.

प्रसूतीच्या केसबुकाचंही, म्हणजे आपण केलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीचंही, हेच. आमच्या वेळी २० प्रसूती स्वतः करायची अट होती आणि एकच प्रसूती चौघींच्या पुस्तकात जायची. त्या २० वर आपल्या नावापुढे नोंदणीकृत सुईण लागतं. पुढे खेड्यातल्या केंद्रावर रात्री एकटी असशील आणि बाळाचे खांदे अडकतील, तेव्हा पुस्तकातल्या सह्या कामाला येत नाहीत. कमी भरल्या असतील तर आत्ताच सांगून जादा पोस्टिंग मागून घे.

हल्ली मुली केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा, एआयकडून लिहून घेतात, तेही थांबवा. पेशंटला कॅथेटर (लघवीची नळी) नाही आणि प्लॅनमध्ये कॅथेटर केअर, असं मी स्वतः तपासताना पाहिलंय. वर पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यात टाकलेले. तो त्यांचा खाजगी आजार आहे, आपल्याला तो असा कुठेही टाकायचा हक्क नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे. पल्स मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस, तसंच धरून श्वास मोज. पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. महिनाभर असं केलंस की सगळ्यांचा २० येत नाही हे दिसेल.

पत्र लिहिलंस की नावं काढून मला पाठव, मी वाचून सांगते. शुक्रवारपर्यंत माझी नाइट आहे, सकाळी नऊनंतर बघेन. आणि त्या काकांचं बीपी आता किती आहे तेही कळव.