थंड स्टार्टर: घरी 25 माणसं येणार आहेत. गॅसपुढे उभं न राहता देता येतील असे भाज्यांचे आणि माशांचे सोपे पदार्थ कोणते?

किसमूर करा, म्हणजे भाजलेली सुकी मासळी, कांदा आणि ओल्या नारळाची कोशिंबीर. फक्त आधी कालवून ठेवू नका.

हेच वाक्य नवऱ्याच्या चाळिशीला मला ठणकावून बोलता आलं नाही. माहेर मालवणचं, त्यामुळे आगोटीला, पावसाळ्याआधी, भरलेला गोलमो, म्हणजे तुमचा जवळा, बारीक सुकी कोळंबी, घरात असतोच. 200 ग्रॅम नीट निवडला, आदल्या दिवशी खिडक्या उघड्या टाकून मंद आचेवर कुरकुरीत भाजला आणि गार झाल्यावर डब्यात घट्ट बंद केला. कांदा, मिरची, कोथिंबीर चिरून ठेवली, नारळ खवला. काकडीचे दीड इंचाचे तुकडे मधून कोरून वाट्या केल्या. शेवटच्या क्षणी सगळं एकत्र करायचं, वर आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारट रसाचे, दोन थेंब आणि कच्चं खोबरेल, एवढंच काम उरलं होतं.

थोरल्या जाऊबाई संध्याकाळी सहाला आल्या. आधी सुकटीच्या वासावरून नाक मुरडलं. मग म्हणाल्या, "अगं, आत्ताच कालवून वाट्या भरून टाक, पाहुणे आल्यावर धावपळ नको." थोरल्या आहेत, ऐकलं. पाहुणे आले साडेआठला. तोवर कांद्याला आणि काकडीला पाणी सुटून जवळ्याचा लगदा झाला होता. आणि सगळ्यांसमोर ऐकवलं काय, तर "मी म्हटलं होतं, टूनाचं सँडविच कर." टूना म्हणजे आपला कुपाच की, डब्यात गेला म्हणून साहेब झाला! त्यांनी आणलेल्या सँडविचचा पावही मेयोनीजने भिजून गेला होता, पण ते कुणी काढलं नाही.

तर वाट्या कोरल्यावर स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवा. मीठ आणि जवळा वाढतानाच घाला. 25 जणांना 200 ग्रॅम जवळा, एक नारळ, चार कांदे पुरतात. जवळा नको असेल तर सुका बांगडा भाजून, काटे काढून कुस्करा. तो मुळातच खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच.

भाजीचं म्हणाल तर खमंग काकडीलाही हाच नियम. काकडी चोचवून पिळून घ्या, फोडणी गार करून ठेवा, दाण्याचं कूट आयत्या वेळी. ती पाणीपुरीच्या पुऱ्यांत भरून दिलीत तर ताटल्याही लागत नाहीत.

हो, एक राहिलं. कोळंबी-जवळ्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते आधी विचारा आणि शाकाहारींचे चमचे वेगळे ठेवा. ओलं खोबरं उकाड्यात लवकर आंबतं, शेवटपर्यंत फ्रिजमध्येच राहू दे. ताजी मासळी वापरणार असाल तर ती दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, बांगडा तर मुळीच नाही.

पाहुणे आल्यावर कालवायला पाच मिनिटं लागतात. परवा घड्याळ लावून पाहिलं, जाऊबाई समोरच बसल्या होत्या.