इंदूरला घरासमोरच्या रस्त्यावर कॅम्पर आणि छोटा हाथी कायम उभे ठेवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इंदूरला येताय, लोकमान्य नगरच्या बाजूला घर घेतलंय. हौसेने ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घेतलाय, तो वर्षातून दोन-तीनदाच बाहेर निघतो. धाकट्या भावाचा धंद्याचा छोटा हाथी, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, आहे. आणि सामान यायच्या आतच शेजारच्या काकांनी बजावलं, ‘कॉलनीत कमर्शियल गाड्या चालणार नाहीत, निगमात (महापालिकेत) तक्रार करीन.’ असा नियम खरंच आहे का?

काका अर्धे बरोबर आहेत, फक्त त्यांचा डोळा चुकीच्या गाडीवर आहे. मी इथे मोटर विम्याची कामं करतो, त्यामुळे अशी भांडणं माझ्याकडे बहुधा क्लेमच्या रूपात येतात. छोट्या हाथीपेक्षा मला तुमच्या कॅम्परची काळजी जास्त वाटते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा घरासमोर उभ्या गाडीची प्लेट पिवळी की पांढरी हे विचारत नाही. कलम १२२ एवढंच बघतं की गाडीमुळे रस्त्यावरच्या इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होतोय का. त्यापुढचं कलम १२७ फारसं कुणी वाचलेलं नसतं. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली, कुणाचं लक्ष नसलेली गाडी उचलून न्यायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी सांगू शकतो, आणि क्रेनचा खर्च मालकाने भरायचा. आता तुमच्या दोन गाड्या या कलमासमोर उभ्या करा. छोटा हाथी सकाळी कामाला जातो, रात्री येतो. कॅम्पर दिवाळीत लावला की होळीपर्यंत जागचा हलत नाही. पांढऱ्या प्लेटची, चकचकीत, हौसेची गाडीच या कलमात आधी सापडते.

अर्थात घड्याळ लावून कुणी बसत नाही. सगळं चालतं ते तक्रारीवर, आणि तक्रार करणं इंदूरमध्ये फार सोपं आहे. फोटो काढून ‘इंदौर ३११’ ॲपवर टाकला की निगमाकडे जातो. १८१ म्हणजे सीएम हेल्पलाइन. तिथली तक्रार निकाली निघाली नाही तर वरच्या साहेबाकडे चढत जाते, म्हणून खालचे लोक तिला घाबरतात. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये रस्ता अडवल्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो फक्त दोनशे रुपये होता.

आणि एक खास इंदुरी भानगड सांगतो, जी पुण्यात तुमच्या डोक्यातही आली नसती. इथे रस्ते रोज झाडले जातात, स्वच्छतेतला पहिला नंबर हा शहराचा अहंकार आहे. गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिली की तिच्याखालचा तुकडा तेवढा झाडायचा राहतो. चाकांच्या आतल्या बाजूला कडुनिंबाचा पाला, गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, पावसात वाहून आलेली माती असा थर बसतो आणि कडेची नाली तुंबते. मग ट्रॅफिकवाल्यांच्या आधी निगमाचा सफाई दरोगा तुमची बेल वाजवतो. पहिल्यांदा नीट बोलतो. दुसऱ्यांदा पावती पुस्तक बरोबर असतं. रस्त्यावर पाइप लावून गाडी धुण्याचा तर विचारही करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

अडथळा होतो की नाही हे ठरवायला मी लोकांना टेप घेऊन रस्ता मोजायला सांगत नाही. सकाळी कचरा गाडी येते तेव्हा गेटपाशी उभे राहा. तिच्या ड्रायव्हरला आरसा न मिटता, मागे-पुढे न करता सरळ निघता आलं, तर तुमची गाडी बरी उभी आहे. तो हॉर्न देत थांबला तर ॲम्ब्युलन्सही थांबणार, आणि मग काकांच्या तक्रारीत दम आहे असं समजा. समोरच्या बाजूलाही कुणाची गाडी असेल तर हा प्रयोग रात्री करा, कारण तेव्हा सगळ्यांच्या गाड्या घरी असतात. वाहन चालवण्याबाबतचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत वळणावर, चौकाजवळ, फुटपाथवर, दुसऱ्याच्या गेटसमोर आणि समोर उभ्या गाडीमुळे रस्ता आवळेल अशा ठिकाणी पार्किंगला मनाई आहे. तुमचं घर कोपऱ्यावरचं असेल तर बाजूच्या रस्त्यावर ‘मोकळी जागा’ दिसते तिचा मोह टाळा.

छोट्या हाथीचा मुद्दा वेगळा आहे. ती गाडी रात्री शांत उभी राहते तोवर कुणाला कायद्याचं बोट दाखवता येत नाही. एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिटही लागत नाही, फिटनेस आणि विमा मात्र चालू हवा. लोकांच्या डोक्यात जाते ती गाडीसोबत येणारी धांदल. पहाटे साडेपाचला फाळका आपटणं, पोर्चमध्ये खोक्यांची थप्पी, हमालांची बिडी, माल न्यायला आलेली दुसरी लोडिंग गाडी. एवढं सुरू झालं की प्रश्न पार्किंगचा राहत नाही, राहत्या प्लॉटवर धंदा चालल्याचा होतो. मग निगम मालमत्ता कराचा व्यावसायिक दर लावू शकतो, ट्रेड लायसन्स मागू शकतो. भावाला सांगा, माल दुकानात किंवा गोडाउनमध्येच चढवायचा-उतरवायचा, घरी फक्त रिकामी गाडी आणायची. निम्मी कुरबुर तिथेच थांबते.

आयशर ट्रक किंवा त्याहून मोठी गाडी असती तर मी कॉलनीचं नावही काढू दिलं नसतं. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस आयुक्त आहेत, जड वाहनांच्या नो-एंट्रीच्या वेळा तेच आदेशाने ठरवतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नो-एंट्रीत शिरलेल्या ट्रकने एअरपोर्ट रोडवर लोकांना चिरडल्यापासून कुणी गंमत करत नाही. तसल्या गाड्यांनी देवास नाका, ट्रान्सपोर्ट नगर बघावं.

‘रहवासी संघाने बोर्ड लावलाय’ असं कुणी दाखवलं तर आधी विचारा, कॉलनी निगमाला हस्तांतरित झाली आहे का? झाली असेल तर रस्ता निगमाचा, संघाचा बोर्ड म्हणजे विनंती. गेटवाली टाउनशिप किंवा अपार्टमेंट असेल तर मात्र आतल्या जागेचा नियम संघाचाच आणि तो पाळावा लागतो. पण जिंकता येतं म्हणून काकांशी भांडू नका. रोज तोंड बघायचं असतं.

गेटच्या आत जागा असेल तर उत्तमच. प्लॉटवर बांधकामाभोवती मोकळ्या सोडलेल्या जागेत (एमओएस) गाडी उभी करायला हरकत नाही, फक्त कॅम्परला ऊन लागतं म्हणून तिथे लोखंडी खांब रोवून पत्रे टाकू नका. तेच बांधकाम धरून नोटीस येते. कापडी कव्हर घाला. आणि मे महिन्यात गाडीतलं गॅस सिलिंडर काढून ठेवा.

आता माझ्या धंद्याचं. ‘गाडी उभीच आहे, विमा कशाला’ हे मी फार ऐकतो. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पेट्रोल टँकरच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की वाहनाचा ‘वापर’ म्हणजे फक्त चालणं नव्हे, थांबलेली गाडीसुद्धा त्यात येते. रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या तुमच्या कॅम्परवर एखादा मोटरसायकलवाला आदळला तर चुकीचा काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो, आणि पॉलिसी संपलेली असेल तर भरपाई खिशातून. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे आणि कोर्टात दाखवता येतं.

त्याहून मोठी गोम ‘करून घेतलाय’ या तुमच्या शब्दांत आहे. सीटा काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, ते आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) चढलंय का? कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी परस्पर बदलता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका कॅम्परला उभ्या-उभ्या शॉर्टसर्किटने आग लागली. सर्व्हेअरने आरसी बघितली, त्यात तेरा सीटा, गाडीत दोन पलंग. कंपनीने क्लेम फेटाळला आणि प्रकरण अजून ग्राहक आयोगात आहे. शिवाय पांढऱ्या प्लेटवर खाजगी कॅम्पर म्हणून ठेवलाय तर तो मित्रांच्या मित्रांना भाड्याने देऊ नका. परमिटविना भाड्याचा दंड दहा हजार रुपये आहे, वर तुरुंगाची तरतूदही आहे.

माझा सल्ला विचाराल तर कॅम्पर रस्त्यावर ठेवूच नका. राऊकडे किंवा बायपासला गोडाउनवाले आणि मॅरेज गार्डनवाले आवारात महिन्याच्या भाड्याने गाड्या ठेवू देतात. साध्या कागदावर का होईना लिखापढी करा: गाडी नंबर, कोणत्या तारखेला दिली, चावी कुणाकडे. बॅटरीची वायर काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, आणि इंजिनात उंदरांसाठी काहीतरी टाका, कारण तिथले उंदीर वायरिंगच आधी खातात.

एमएच पासिंगचं काम मात्र निघण्यापूर्वीच करा. बारा महिन्यांच्या वर गाड्या इथे ठेवणार असाल तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र, मग एनओसी. कॅम्परचा बदल आरसीवर चढवायचा राहिला असेल तर तोही तिथेच उरका. इथल्या नायता मुंडल्याच्या आरटीओत तपासणीला उभे राहाल तेव्हा आरसी आणि गाडी जुळलेली असली पाहिजे.