नवऱ्याला कर्जाचा हिशोब विचारला, तर अधीनता मोडते का?

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांमध्ये ख्रिस्ती जोडप्यांसोबत काम करताना एक प्रश्न मला शब्द बदलून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. तो बहुधा मार्च संपताना किंवा पेरणीच्या तोंडावर येतो, कारण त्याच दिवसांत घरातील कर्जाची खरी स्थिती उघडी पडते. "ताई, त्यांना पैशाचं विचारलं तर वचनाविरुद्ध होते का?" वचन म्हणजे बायबलचा शब्द. विचारणारी स्त्री उपासनेला नियमित येणारी असते आणि पत्नीने पतीच्या अधीन असावे हे इफिसकरांस पत्रातील वाक्य तिला लग्नाच्या दिवसापासून पाठ असते. तिला नवऱ्याशी भांडायचे नसते आणि देवाशी तर मुळीच नसते. म्हणून ती गप्प राहते आणि त्या गप्प राहण्यालाच आज्ञाधारकपणा समजते.

अशाच एका जोडप्याची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते. कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी आणि तूर. सोसायटीचे पीक कर्ज दरवर्षी नवंजुनं होत असे, म्हणजे जुने भरून लगेच नवे उचलले जाई, आणि कृषी केंद्राची उधारी असे. या दोन्हींची पत्नीला अंधूक कल्पना होती. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी पतीने सावकाराकडून घेतलेली रक्कम मात्र तिला ठाऊक नव्हती. वसुलीसाठी माणूस दारात उभा राहिला तेव्हा ती कळली. त्यानंतर दोघांचे बोलणे कामापुरते उरले आणि चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांना माझ्याकडे पाठवले.

पहिल्या भेटीत पती म्हणाले, "कुटुंबाचं मस्तक मी आहो. तिले काहून सांगू?" पत्नी खाली पाहत म्हणाली, "मी बी कधी विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही." पतींनी पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर, केली तशी स्वतःला देऊन टाकणारी प्रीती करावी, असे इफिसकरांस पत्राचा तोच अध्याय पुढे सांगतो, आणि पत्नीविषयीच्या वाक्याच्या आधीच्या वाक्यात तर एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा आहे. हे दोघांनाही माहीत होते. तरीही मी तेथे थांबले नाही, कारण वचनासमोर वचन ठेवले की जोडपी वाद जिंकायला बसतात, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी पुढच्या भेटीत मी बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय उघडायला सांगितला. हनन्या आणि त्याची पत्नी सप्पीरा यांनी जमीन विकली आणि किमतीचा काही भाग मागे ठेवून, सगळी रक्कम पेत्र आणि इतर प्रेषितांकडे, म्हणजे येशूच्या शिष्यांकडे, आणली असे भासवले. हनन्या खोटेपणा उघड होताच मरण पावला आणि सुमारे तीन तासांनी सप्पीरा आत आली.

"पेत्राने तिला काय विचारले?" मी पत्नीला म्हटले.

"जमीन एवढ्यालेच विकली का, असं."

"तेव्हा पती कुठे होता?"

"तो तर आधीच मेला होता."

"मग उत्तर कोणाला द्यायचे होते?"

ती बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे देव मले बी वेगळं विचारन. 'त्यायनं सांगतलं तसं म्हटलं' असं चालणार नाही."

हा प्रसंग सहसा देणगी आणि खोटेपणा यांवरील उपदेशात येतो, विवाहाच्या शिकवणीत फारसा नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्या दोघांमध्ये व्यवहाराबाबत पूर्ण एकमत होते आणि तरीही त्या एकमताने सप्पीरेचे उत्तरदायित्व संपले नाही. ज्या स्त्रीला देव स्वतंत्रपणे उत्तर मागतो, तिला घरातील व्यवहार माहीत असलाच पाहिजे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते आणि तिच्या पतीचे मन तिच्यावर भरवसा ठेवते. या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी नांदतात.

पतीचे कुलूप उघडायला अधिक वेळ लागला. मी त्यांना हिशोब मागितला नाही आणि मस्तकपदाचा अर्थही समजावला नाही. प्रत्येक भेटीत एवढेच विचारत राहिले की, ती रक्कम घेऊन घरी आलात त्या संध्याकाळी तुम्ही काय केलेत? अनेकदा टाळल्यानंतर एके दिवशी ते म्हणाले, "ती म्हणे, यंदा कपाशी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. मग पुढं खरं सांगाचं म्हणजे खोटं बोललो हे बी सांगा लागते. मले वाटे, तिच्या नजरेतून उतरीन." पत्नी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "मी वावरात रोज येत होती. कपाशी मले दिसत नव्हती का?"

समुपदेशनातील माझे सगळे मत या एका क्षणावर उभे आहे. अधिकाराची भाषा वापरणारा पती बहुतेक वेळा अधिकार गाजवत नसतो, तो लाज झाकत असतो. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम पाप घडल्यावर आधी झाडांआड लपतो आणि मग "तू दिलेल्या स्त्रीने" असे म्हणून दोष तिच्यावर ढकलतो. लपणे आधी येते, आरोप नंतर. आरोपाशी झुंजत बसलो तर लपलेला माणूस हाती लागत नाही. पहिल्या भेटीत ते जमिनीकडे पाहून अधिकार सांगत होते तेव्हाच मला याची चाहूल लागली होती, परंतु ते त्यांच्याच तोंडून यावे म्हणून मी थांबले, आणि असे थांबता येणे हे या कामातील निम्मे कौशल्य आहे, असे मी मानते.

त्यानंतरचे काम वहीचे होते. कर्ज सांगायचे तर सगळे एकाच बैठकीत सांगावे. हप्त्याहप्त्याने बाहेर येणारे सत्य प्रत्येक वेळी नवी फसवणूक वाटते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंदलेला सापडतो, पण सावकाराचे आणि दुकानाचे देणे तोंडानेच सांगावे लागते. त्या बैठकीत पत्नीने पहिला प्रश्न विचारला तो सावकाराच्या परवान्याचा. परवाना नसलेल्याने जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, हे इतक्या दिवसांत पतीच्या मनातही आले नव्हते. एकट्याने वाहिलेल्या काळजीत माणसाला वाट दिसत नाही ती अशी.

क्षमेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रीती अपकार मनात ठेवत नाही, असे प्रेषित पौल करिंथकरांस पत्रात लिहितो. त्याचा अर्थ जुने खोटे दर भांडणात बाहेर काढू नये असा आहे, वही बंद करावी असा नाही. हे जोडपे आता रविवारी उपासनेहून आल्यावर हिशोबाला बसते. कर्ज फिटलेले नाही आणि तुरीचा पेरा वाढवावा की नाही यावरून त्यांचे मतभेद होतात, तेही मोठ्या आवाजात.

मात्र विचारल्यावर जेथे मारहाण होते, तेथे हा सल्ला लागू नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी, 181 या महिला हेल्पलाइनवर बोलावे आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण घेण्यात अधीनतेचा भंग मानू नये. मारहाण नाही, पण पती उत्तरच देत नाही, अशा घरांसाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम मी सांगते: आधी दोघांनी एकांतात बोलावे, आणि न जमल्यास एकदोन माणसांना सोबत घ्यावे. ती माणसे दोघांच्याही विश्वासातील असावीत, फक्त माहेरची किंवा फक्त सासरची नसावीत. आणि सावकाराशी ज्याचा व्यवहार आहे, तो मंडळीतील वडील, म्हणजे चर्चचा ज्येष्ठ पुढारी, असला तरी त्याला बोलावू नये.